हातात बसणारी मूठ

आमच्या घरातलं पहिलं विमान पोटावर उतरलं. चाकं बाहेर काढायची कळ मी वेळेत दाबली होती, पुन्हा पुन्हा दाबली होती, पण विमानाने ती मानली नाही. त्याआधी मी त्याच कीबोर्डवर एका दूध संस्थेचा तपासणी अहवाल मराठीत टाइप करत होतो आणि कीबोर्ड मराठीवरच राहून गेला होता. विमानाला मराठी कळत नव्हतं. ते गोव्याच्या धावपट्टीवर घसरत गेलं, ठिणग्या उडाल्या, पडदा काळा झाला. दारात हातात डाव घेऊन उभ्या असलेल्या बायकोने विचारलं, “चाकां खंय गेली?”

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी हसलो असतो. पण हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच होता.

आमची मुलगी बंगळुरूला असते. तिचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं आणि आईने येऊन राहावं अशी तिची इच्छा होती. आईची तर तिच्याहून जास्त. अडचण बायकोच्या कमरेची होती. मणक्याची गादी सरकलेली. रात्रभराची बस किंवा रेल्वे डॉक्टरांनी साफ मना केली होती. राहिलं विमान. गोव्याहून बसायचं, दीड तासात उतरायचं. आणि विमानाला बायको तयार नव्हती.

“होडी बुडली तर माका पोवाक येता,” ती म्हणाली. “विमानातसून पडल्यार मी काय करूचां?”

“विमान पडणा नाय गो.”

“पडतत. टीव्हीवर दाखवतत.”

“पडलेली दाखवतत. उतारलेली दाखवणत नाय, म्हणान तुका दिसणत नाय.”

“मगे एक उतारलेलां दाखवा माका.”

हे तिने वैतागून म्हटलं असेल. मी ते शब्दशः घेतलं. माझा धंदा सहकारी संस्थांचे हिशेब तपासण्याचा आहे. कुणी पुरावा मागितला की मला बरं वाटतं. मी तिला मोबाइलवर विमानं उतरण्याचे व्हिडिओ दाखवले. ती म्हणाली, “ह्यां सगळां शूटिंग.” तिच्या डोळ्यांसमोर, आत्ता, इथे उतरलेलं विमान तिला हवं होतं. मागच्या गणपतीत जावयाने माझ्या कॉम्प्युटरवर विमान चालवायचा एक प्रोग्राम घालून दिला होता. त्यात जगातले सगळे विमानतळ होते, बायको ज्या जातीच्या विमानात बसणार तेही होतं. मला वाटलं, रविवारचं काम आहे. दोन-तीन वेळा सरावाने उतरवीन, मग तिला बोलावीन.

ती न बोलावता आली, आणि चाकांबद्दल विचारून गेली.

दुसऱ्या वेळी मी आधी कीबोर्ड इंग्रजीवर आणला. चाकं निघाली. पण विमान धावपट्टीकडे येताना होडीच्या डोलकाठीसारखं दोन्ही बाजूंना झुलायला लागलं. याचं कारण मी शोधून काढलं. कीबोर्डच्या कळीला दोनच गोष्टी माहीत असतात, दाबली आणि सोडली. थोडीशी दाबली, असं काही तिला कळत नाही. विमानाला मात्र थोडंसंच हवं असतं. तुम्ही किंचित उजवीकडे म्हणायला जाता, आणि कळ पूर्ण उजवीकडे म्हणते. मग तुम्ही डावीकडची दाबता. त्यात माझ्या कीबोर्डची आणखी एक खोड होती. तीन कळा एकदम दाबल्या की तिसरी तो ऐकतच नसे. अहवाल टाइप करताना तीन कळा एकदम दाबायची वेळ कधी आली नव्हती, म्हणून इतकी वर्षं ही खोड लपून राहिली. उतरताना इंजिन कमी करायचं, नाक उचलायचं आणि दिशा सांभाळायची, हे तिन्ही एकदम. यातलं एक रोज राहून जाई, आणि रोज वेगळं.

“आज खंय पडलां?” बायको जेवायला वाढताना विचारायची. आधी काळजीने, पुढे सवयीने.

कीबोर्ड चांगला घ्यावा म्हणून मी कणकवलीला गेलो. दुकानदाराने रंगीत दिवे लागणारा एक कीबोर्ड काढला. मी विचारलं, किती कळा एकदम ऐकतो? तो म्हणाला, “सगळ्या ऐकता.” मी म्हटलं, दाखव. त्याने दोन्ही हातांचे पंजे कीबोर्डवर टेकवले आणि दिवे लावून दाखवले. दिवे सगळे लागले, हे मी मान्य केलं. दिवे लागणं आणि ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याने मान्य केलं नाही. शेवटी तो म्हणाला, “काका, विमानासाठी कीबोर्ड कशाक? ह्यो घेवा,” आणि मुलं क्रिकेटचा खेळ खेळतात तसला दोन हातांत धरायचा कंट्रोलर माझ्या पुढ्यात ठेवला.

तो मी घेतला. अंगठ्याखाली एक छोटी दांडी, ती हलवली की विमान हलतं. घरी येऊन मी पट्टी लावली. मधल्या जागेपासून कडेपर्यंत दांडीचा प्रवास एक सेंटिमीटरच्या आसपास. पावणेदोनशे माणसांचं विमान, आणि त्याचं सगळं डावं-उजवं अंगठ्याच्या एका सेंटिमीटरमध्ये. त्यातही मधला थोडा भाग मुका, तिथे दांडी हलली तरी विमानाला खबर नाही. तो भाग ओलांडला की एकदम हिसका. मुका भाग कमी करायची सोय होती, ती केली. मग दांडी कुणी हात न लावता स्वतःच डावीकडे सरकू लागली. आमच्याकडे खाऱ्या हवेने खिडक्यांच्या बिजागऱ्या जातात, पंख्याच्या पात्यांना भोकं पडतात. या दांडीच्या आत कोळशाच्या पट्टीवर एक पातळ पत्रा घासतो, तो किती टिकणार? दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, क्रिकेटात कुणाची तक्रार नाही.

एव्हाना ही गोष्ट वाडीभर झाली होती. सकाळी मासे घेऊन येणारी बाई टोपली उतरवताना म्हणाली, “काल तुमचां विमान दर्यात पडलां मां? मगे आज बांगडे खंयसून गावतले?”

बायको हसली नाही. मला त्याचं जास्त लागलं. रोज एक विमान पडताना पाहून तिचा होता तो धीरही चालला होता, हे मला दिसत होतं. पुरावा जमवायला निघालेला मी उलट बाजूचा पुरावा जमवत होतो.

“बंद करा तां,” ती एकदा म्हणाली. “माझी खात्री झाली.”

“कसली?”

“काय म्हणान विचारतास?”

मी बंद केलं नाही. चूक माझ्या हत्यारात होती, विमानात नव्हे. म्हणून मी म्हापशाला गेलो. तिथल्या एका दुकानात जॉयस्टिक म्हणतात तसल्या खऱ्या मुठी होत्या, टेबलावर ठेवायचा पाया आणि त्यावर उभी दांडी. तिला तीनशे साठ अंशांत कुठेही झुकवता येतं, पिळताही येतं. इथे मी घाई केली नाही. आत कोळशाची पट्टी आहे की चुंबक, हे पहिलं विचारलं. चुंबकाच्या मुठीत काही घासत नाही, म्हणजे खारी हवा लागली तरी बिघडायला काही नाही. पाया किती रुंद आणि किती जड, हे पाहिलं. दांडी सोडल्यावर बरोब्बर मधोमध परत येते का, हे प्रत्येक मुठीचं दहा-दहा वेळा करून पाहिलं. दुकानदार कंटाळला.

“ह्या वयाचेर पायलट जातलो मरे?” त्याने विचारलं.

“नाही. बायकोला दाखवायचं आहे.”

त्याने बोटांच्या खाचा असलेली, भरपूर बटणांची एक मूठ पुढे केली. सगळे हीच नेतात म्हणाला. मी ती धरली, दुसरी धरली, तिसरी धरली. तिसरी साधी होती. गोल, जाड, वर थोडी निमुळती. बटणं कमी. पण धरल्या धरल्या ती हातात बसली. बोटं आपोआप जिथे जायची तिथे गेली. मी डोळे मिटून ती झुकवून पाहिली आणि मला वाटलं, ही मी कधीपासून वापरतो आहे. इतर दोन्ही मुठींपेक्षा तिची मापंही सरस होती. चुंबक होताच. मी तीच घेतली. येताना बसमध्ये खोका मांडीवर धरून बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, आता पडायला कारण उरलं नाही.

वर उडताना ती खरोखर सुरेख चालली. किंचित म्हटलं की विमान किंचितच वळायचं. मालवणच्या किनाऱ्यावरून, किल्ल्यावरून, वेंगुर्ल्याच्या धक्क्यावरून मी विमान नेलं. बायकोला हाक मारून दाखवलं, ती दारातून बघून गेली. मग गोव्याला उतरायला घेतलं. धावपट्टी समोर आली, बाजूचा वारा होता, शेवटच्या क्षणी विमान डावीकडे सरकू लागलं. मी उजवीकडे घेतलं. ते आणखी डावीकडे गेलं आणि गवतात घुसलं.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. डावीकडे सरकलं तर आणखी डावीकडे, उजवीकडे सरकलं तर आणखी उजवीकडे. वरती सगळं ठीक, आणि जमीन जवळ आली की उलटं. मी मूठ तपासली. प्रोग्राममध्ये तपासणीचा एक पडदा असतो, त्यात एक ठिपका मुठीबरोबर फिरतो. मूठ उजवीकडे, ठिपका उजवीकडे. डावीकडे, डावीकडे. कितीही वेळा करा, चूक नाही. संस्थेचा ताळेबंद पै न पै जुळावा आणि तिजोरीत मात्र पैसे नसावेत, तसं होतं ते. मी चिडून म्हापशाला गेलो. दुकानदाराने तिथे लावून पाहिली, ठणठणीत होती. तरी माझ्या तोंडाकडे बघून त्याने बदलून दिली. दुसरी मूठही घरी तशीच वागली. दोन वेगळ्या खोक्यांतल्या दोन मुठी एकाच प्रकारे चुकतात, याचा माझ्या दृष्टीने एकच अर्थ होता, की कारखान्यातच काहीतरी मुळात चुकलं आहे. कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, सर, मूठ जमिनीजवळच बिघडते का? मी हो म्हटलं. तिने मला तेच पुन्हा एकदा सांगायला लावलं. तिला मी वेडा वाटलो असणार. मलाही माझं बोलणं ऐकून तसंच वाटलं.

मग एका रविवारी दुपारी मुलीचा फोन आला. डॉक्टरांनी तारीख अलीकडे ओढली होती.

“बाबा, आईचां काय ठरलां? आज तिकीट काढूक होया. नायतर मी सासूबाईंका बोलवतंय. त्या तयार आसत.”

फोन स्पीकरवर होता. बायकोने तो ऐकला. तिने हात पुसले आणि माझ्या खोलीत येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. इतके दिवस ती दारातूनच बघायची.

“उतारवा,” ती म्हणाली.

“आता?”

“आता. मी बसतंय.”

मी धावपट्टीपासून थोड्या अंतरावर विमान ठेवून सुरुवात केली. वारा बाजूचाच ठेवला, खोटं सोपं करायचं नव्हतं. विमान खाली येऊ लागलं. ती घट्ट बसली होती. मध्येच मी तिच्याकडे पाहिलं, तर ती पडद्याकडे बघतच नव्हती. भीतीने तिने नजर खाली घेतली होती, माझ्या हातावर. विमान डावीकडे सरकलं. मी उजवीकडे घेतलं. गवत आलं.

मी मूठ सोडली. आता ती उठून जाईल, मुलीला फोन करील आणि विहीणबाई बंगळुरूला जातील, असं मी धरून चाललो.

“ओ,” ती म्हणाली. “तुमका खंय जावचां होतां? उजव्याक मां?”

“हो.”

“मगे हात डाव्याक कित्याक गेलो?”

“हात उजवीकडेच होता.”

“नाय. मी हाताकच बघी होतंय. परत करा.”

मी परत केलं, जरा रागानेच. धावपट्टी आली, विमान सरकलं, आणि तिने माझ्या मनगटाकडे बोट केलं. “ह्यां बघा. ह्यां बघा.” मी खाली पाहिलं. हात डावीकडे होता. मनात मी उजवीकडे म्हणत होतो, आणि माझा हात मूठ डावीकडे ढकलत होता, खांद्याचा जोर लावून.

“ह्यो विमानाचो हात न्हय,” ती म्हणाली. “ह्यो होडयेचो.”

मग मला काही सांगायला नको होतं. आमची वाडी खाडीच्या काठावर आहे. पूल होण्याआधी पलीकडे जायचं तर होडीशिवाय मार्ग नव्हता, आणि आमच्या होडीचं सुकाणू माझ्या हातात मी शाळेत जायच्या वयापासून होतं. सुकाणू होडीच्या मागच्या टोकाला असतं. त्याची दांडी डावीकडे ढकलली की होडीचं नाक उजवीकडे जातं. कुणी शिकवत नाही, हाताला ते माहीत होतं. लग्नानंतर ती पलीकडच्या गावात बालवाडीवर जायची, तेव्हा रोज सकाळी मी तिला सोडायचो. ती पुढच्या टोकाला माझ्याकडे तोंड करून बसायची. पाण्याकडे बघितलं की तिला गरगरायचं, म्हणून तेव्हाही ती माझ्या हाताकडेच बघायची.

वर उडताना मला विचार करायला वेळ असे, तेव्हा मूठ मी चालवत होतो. जमीन जवळ आली, घाई झाली की हात चालवत होता. पुरावा पाहिजे म्हणून मी टेप घेऊन मागच्या पडवीत गेलो. होडी विकली तेव्हा काढून ठेवलेलं सुकाणू तिथे लाकडांच्या वर पडलेलं आहे. त्याच्या दांडीचा घेर मोजला, मग आत येऊन मुठीचा मोजला. दोन मिलिमीटरांचा फरक. म्हापशाच्या दुकानात मी तीन मुठींमधून अगदी कसोशीने जी निवडली होती, ती याच्यासाठी. बोटांच्या खाचांची घेतली असती तर कदाचित इतक्यात उतरलोही असतो.

“ह्यो हात उलटो करूची काय सोय नाय?” तिने विचारलं.

सोय होती. प्रोग्राममध्ये एका चौकोनात टिचकी मारली की मुठीच्या दिशा उलट होतात. टिचकी मारून मी पुढच्या पाच मिनिटांत विमान लोण्यासारखं उतरवून दाखवलं असतं. पण खऱ्या विमानात तो चौकोन नसतो. मी तिला खरं विमान दाखवतो म्हटलं होतं.

“आसा. पण मगे तां खरां विमान नाय.”

तिने मूठ हातात घेऊन डावी-उजवी करून पाहिली.

“म्हणजे विमान बरोबर आसा,” ती म्हणाली.

“हो.”

“दोनय मुठी बरोबर.”

“हो.”

“चुकता तो तुमचो हात.”

“हो.” तपासणीच्या वेळी संस्थेच्या सचिवाला मी असेच एकेक प्रश्न विचारतो. उत्तरं देणाऱ्याला कसं वाटतं, ते मला त्या दुपारी कळलं.

“माझ्या विमानाचो पायलट खंयचो असतलो?”

“माका काय ठाऊक? दिल्लीचो, पंजाबचो.”

“खाडयेवरचो नसतलो मां?”

“बहुतेक नसतलो.”

“मगे पोरीक सांगा, तिकीट काढ म्हणान.”

मला हे पटलं नाही. एवढी सामुग्री, एवढे हेलपाटे, आणि एकही विमान नीट न उतरवता तिची खात्री झाली ती माझ्या चुकीवरून. हा निष्कर्ष पुराव्यातून निघत नाही. माझा हात चुकतो म्हणून पंजाबच्या माणसाचा चुकणार नाही, असं कुठल्याही हिशेबात बसत नाही. तोंडापर्यंत आलेलं हे सगळं मी गिळलं आणि मुलीला फोन लावला.

गोव्याच्या विमानतळावर मी तिला दारापर्यंत सोडलं. आत तपासणीच्या रांगेत ती कमरेला पट्टा बांधून, सरळ उभी होती. काचेतून मला बघून तिने हात वर केला. टाटा करते आहे असं वाटलं. नीट बघितलं तर हाताची मूठ करून ती डावीकडे ढकलत होती, आणि हसत होती.

मी बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. चारेक तासांनी फोन आला.

“पोचलंय.”

“कसां उतारलां?”

“सरळ.”

“तू बघलंस?”

“मी डोळे मिटलेले.”

“मगे सरळ उतारलां तां तुका कसां कळलां?”

“पोटाक कळलां,” ती म्हणाली. मागे मुलीचा आवाज येत होता. “तुमी खंय आसास?”

“हंयच. विमानतळार.”

“घराक जावा आता. आणि ऐका, मी परत येयसर त्या विमानाक हात लावू नकात. माका अजून परत येवचां आसा.”

मी हो म्हटलं. घरी येऊन चहा केला, पडवीचं दार लावलं, मग कॉम्प्युटर चालू केला. दिशा उलट करणारा तो चौकोन अजूनही मी रिकामाच ठेवलेला आहे. विमान त्या दिवशीही धावपट्टी सोडून कुठे उतरलं, ते तिला अजून सांगितलेलं नाही.